सेवाज्येष्ठ चूक

शहापूर तालुक्यातल्या आमच्या किन्हवलीत ज्याने म्हणून एकदा फौजेची वर्दी घातली, तो मेजर. शिपाई म्हणून घरी आलेला असो की हवालदार म्हणून, एसटीतून ट्रंक उतरली की गाव त्याला बढती देऊन मोकळे होते आणि त्यासाठी एकही कागद मागत नाही. आमच्या आळीतले मेजर असेच. सरकारदरबारी हवालदार, आमच्याकडे मेजर. सध्या त्यांची सरकारकडे एकच मागणी आहे. पेन्शनच्या कागदावरची बायको आणि घरात भाकऱ्या थापणारी बायको एकच आहे, हे मान्य करा.

मागणी वाटते तितकी सोपी नाही. काकूंच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आहे. लग्नात नाव बदलले, ते रेशनकार्डावर आहे. मेजर लग्नाची रजा संपवून युनिटात गेले, तिथल्या क्लार्कने विचारले, यांनी सांगितले, त्याने ऐकले तसे इंग्रजीत टंकले आणि फौजेच्या दप्तरी नोंद करणारी पार्ट टू ऑर्डर निघाली. त्यात सासरच्या नावातले एक अक्षर गळले. पुढे आधार कार्ड काढणाऱ्या पोऱ्याने आदर म्हणून नावाला 'बाई' जोडले. एका बाईच्या नशिबी चार नावे, आणि चारही सरकारमान्य.

गंमत अशी की खुद्द मेजरांचा फौजी नंबर उभ्या आयुष्यात कधी चुकला नाही. तो चुकत नाही कारण त्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर बसवलेले असते. मधला एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की ते अक्षर जुळत नाही आणि चूक जागच्या जागी पकडली जाते. म्हणजे चूक होणार हे फौजेला आधीपासून ठाऊक आहे आणि तिचा बंदोबस्तही ठाऊक आहे. फक्त तो बंदोबस्त बायकोच्या नावापर्यंत पोचलेला नाही.

जन्मतारखेचे म्हणाल, तर मेजरांची 1 जून. त्यांच्या धाकट्या भावाचीही 1 जून, शेजारच्या गुरुजींचीही आणि खुद्द गुरुजींच्या गुरुजींचीही. शहापूर-मुरबाडकडच्या एका अख्ख्या पिढीच्या आया एकाच दिवशी अडल्या होत्या, असे शाळांच्या दाखलखारिज रजिस्टरावरून सिद्ध होते. "पोर कधीचं?" असे मास्तरांनी विचारावे, बापाने "मिरगाच्या तोंडावरचं" म्हणावे, शाळा जूनमध्ये सुरू होणार, मास्तरांनी 1 जून लिहून पुढच्याला हाक मारावी. ही तारीख सुधारून घ्यायच्या भानगडीत मेजर कधीच पडले नाहीत. ते म्हणतात, "त्या पायी जनरलसायबाचं काय झालं ते बघितलं ना?"

बघितले. जनरल विजयकुमार सिंग, देशाचे तेव्हाचे लष्करप्रमुख. त्यांच्या बाबतीत दिवस आणि महिना यांवर कुणाचे दुमत नव्हते, 10 मे. वाद होता सालाचा. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रात 1951, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिरण्यासाठी पोरवयात भरलेल्या अर्जात 1950. सैन्याच्या एका शाखेने 1951 जपले, दुसरीने 1950, आणि दोन्ही शाखा आपापल्या तारखेशी इमान राखून राहिल्या. एका माणसाचे वय एकाच मुख्यालयात दोन तऱ्हेने वाढत गेले, आणि अख्ख्या सैन्याला हुकूम सोडणाऱ्या माणसाला स्वतःच्या जन्मसालासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. 10 फेब्रुवारी 2012 रोजी न्या. लोढा आणि न्या. गोखले यांच्यासमोर सुनावणी झाली. सरकारने त्यांची तक्रार फेटाळणारा आधीच्या डिसेंबरातला आपला आदेश मागे घेतला, जनरलसाहेबांनी आपली याचिका मागे घेतली, आणि मागे हटले नाही ते फक्त 1950. त्या हिशेबाने 31 मे 2012 रोजी साहेब निवृत्त झाले.

या सगळ्यातून सरकारी कारभारातले एक तत्त्व हाती लागते. चूक जितकी जुनी तितकी तिची सेवाज्येष्ठता मोठी. मुलकी नोकरांसाठी केंद्र सरकारचा नियमच आहे की जन्मतारीख दुरुस्त करायची तर नोकरीला लागल्यापासून 5 वर्षांच्या आत अर्ज करा. त्यामागे कारण आहे, आणि ते खोटे नाही. निवृत्ती दारात आली की पुष्कळांना आपण वाटलो होतो त्याहून तरुण असल्याचा साक्षात्कार होतो. पण काकूंच्या नावातले गळलेले अक्षर परत मिळाल्याने त्यांचे वय काही कमी होणार नाही. तरीही चूक ती चूकच. तिने चाळीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केली आहे. मेजर निवृत्त झाले. त्यांची नोंद करणारा क्लार्कही केव्हाच निवृत्त झाला असेल. चुकीला मात्र निवृत्तीचे वय नाही.

बरे, ही दुरुस्ती करायची कशी? आधी प्रतिज्ञापत्र. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ असल्याचा राज्य शासनाचा 2004 सालचा आदेश आहे, पण टेबलामागचा माणूस "पाचशेचा बाँड आणा" म्हणाला की शासनाचा आदेश खिशातून काढून दाखवणार कोण? त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर सूचना, एक मराठीत आणि एक इंग्रजीत. इथे आमचाही स्वार्थ आहे, लपवत नाही. या छोट्या जाहिरातींवर आमच्या धंद्यातल्या पुष्कळांच्या चुली पेटतात, तेव्हा नोंदी सगळीकडे अचूक झाल्या तर आमचे कठीण आहे. मेजरांनी जाहिरात दिली. 'अमुक आणि तमुक या दोन्ही स्त्रिया एकच आहेत' असा मजकूर छापून आला. काकूंनी तो वाचून घेतला आणि दिवसभर मेजरांना चहा दिला नाही.

पुढचे काम संगणकावर. हल्ली संरक्षण खात्याचे सगळे पेन्शन 'स्पर्श' नावाच्या प्रणालीतून चालते. बाजारातल्या सेवा केंद्रात बसलेला मुलगा चांगला आहे, मेजरांना आजोबा म्हणतो. पण ओटीपी जातो तो कल्याणला राहणाऱ्या चिरंजीवांच्या मोबाइलवर, आणि चिरंजीव त्या वेळी कसारा लोकलच्या दारात एका हाताने लटकलेले. दुसरा हात मोकळा होईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. मग केंद्रातल्या मुलाने पुन्हा बटण दाबायचे आणि मेजरांनी पुन्हा फोन लावायचा. सीमेवर रेडिओ सेटवरून निरोप पोचवणारा माणूस आसनगाव आणि कल्याणच्या मध्ये पार हरतो.

पत्त्याची धास्ती वेगळीच. मेजर मराठा लाइट इन्फंट्रीचे, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातले कागद बेळगावचे. आणि बेळगावातही एक शहापूर आहे, चांगले नांदते उपनगर. आपला तालुका वाचून कुणी आपल्याला बेळगावचाच रहिवासी करून टाकेल, या भीतीने मेजर प्रत्येक अर्जात 'शहापूर, जिल्हा ठाणे' याखाली दोन रेघा ओढतात. सीमाप्रश्न सुटो न सुटो, आपण त्यात नको, असे त्यांचे म्हणणे.

त्यातही त्यांना राग कशाचा येतो, तर गावांच्या नावांचा. जुन्या कागदात जिल्हा 'थाना' लिहिला आहे, त्याचे ठाणे झाले. कर्नाटक सरकारने 2014 मध्ये बेळगावचे बेळगावी केले. पेन्शनची ऑर्डर निघते ते अलाहाबाद 2018 मध्ये प्रयागराज झाले. "एवढाली शहरं नाव बदलून बसली," मेजर विचारतात, "त्यांनी कुठं नोटरी केली? जुनं शहर आणि नवं शहर एकच आहे, याचं अॅफिडेविट कुणी दिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मी चहा घेतला. तोवर चहा पुन्हा सुरू झाला होता.

हे सगळे मेजरांना स्वतःसाठी नको आहे, हे इथे सांगायला हवे. त्यांचे पेन्शन दर महिन्याला चालू आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की वर्षभर ते सरकारच्या लेखी जिवंत. पण ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे ते कागदावरच्या नावाला, आणि त्या नावाची बाई किन्हवलीत कधी राहिलीच नाही. तेव्हा खेटे घालायला काकूच राहतील, आणि आपण आपणच आहोत हे चार टेबलांवर सांगत फिरतील. हा विषय निघाला की मेजर आवाज खाली आणतात. काकू मात्र नाही. त्यांनी आतूनच सांगितले, "यांना म्हणावं, पैसे ज्या नावाने येतील ते सांगा. त्या नावाने हाक मारलीत तर ओ देईन."

अर्ज अजून 'प्रक्रियेत' आहे. तोवर मेजरांनी नवे काम काढले आहे. भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे मुरबाड रस्त्याला पळतात. अग्निवीर व्हायचे तर नोकरी 4 वर्षांची. तेवढ्यात कागदातली चूक सापडणार कधी आणि सुधारणार कधी? म्हणून मेजर चौकात उभे राहून पोरांना अडवतात. छाती नाही बघत, दमसासही नाही. कागद मागतात.

"आईचं नाव वाच. दाखल्यावरचं आणि आधारवरचं."

"वाचलं मेजर. सारखंच आहे."

"इंग्रजीतलं वाच."

पोरगा वाचतो, थांबतो, पुन्हा वाचतो.

"पळायचं राहू दे आज," मेजर म्हणतात. "आधी तहसीलला जा."