बंगळूर पायाखाली घ्या

प्राग-बार्सिलोनाच्या जुन्या गल्ल्या पाय दुखेपर्यंत तुडवणारा आपला माणूस बंगळूरला उतरला की दोन किलोमीटरसाठीही टॅक्सी बोलावतो. सिग्नलला तासभर अडकतो आणि घरी येऊन सांगतो, ‘तिथे बघण्यासारखं काही नाही, नुसतं ट्रॅफिक.’ हा त्या शहरावर अन्याय आहे.

केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसवलेली पेठ पायी फिरणाऱ्यांच्या मापाची आहे. चिकपेट आणि दोड्डपेट हे तिचे दोन मुख्य रस्ते. दोड्डपेटेला आता अ‍ॅव्हेन्यू रोड म्हणतात. जुन्या पुस्तकांचे ढीग पाहायचे तर तिथेच. भोवती एकेका धंद्याची पेठ: अक्किपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची, अरळेपेट कापसाची. पुण्याच्या पेठांत वाढलेल्याला इथे परकं वाटणारच नाही.

मराठी माणसाने तर ही पेठ चुकवूच नये. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्यामागे व्यंकोजीराजे आले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाशी व्यंकोजींचं नाव १६६९ च्या शिलालेखाने जोडलेलं आहे. चिकपेटहून मेट्रोच्या हिरव्या मार्गावर दुसरं स्टेशन संपिगे रोडचं. तिथून देऊळ चालत गाठता येतं. शहाजीराजांचा फोटो भिंतीवर लावणाऱ्या किती जणांनी ही वाट धरली आहे?

पण पाहुण्याला दोष देऊन भागत नाही. चालायचं तरी कुठून? फरश्या उखडलेल्या, मध्येच ट्रान्सफॉर्मर, आणि जिथे वाट बरी आहे तिथे दुचाकी चढलेल्या. मनात आणलं तर या शहराला जमतं, हे आपण पाहिलं आहे. २०२० च्या अखेरीस चर्च स्ट्रीट शनिवार-रविवार गाड्यांना बंद केला, तेव्हा माणसं रस्त्याच्या मधोमध निर्धास्त फिरली. तरी हजारो कोटींची आखणी होते ती हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या भुयारी रस्त्याची, म्हणजे पुन्हा मोटारींचीच. म्हातारी माणसं, शाळेची पोरं, डोक्यावर ओझं घेतलेले हमाल यांची पाळी कधी येणार?

पुढच्या खेपेला सकाळी लवकर चिकपेटला उतरा आणि चालायला लागा. आणि पालिकेने भुयार खणण्याआधी पेठेतला फुटपाथ दुरुस्त करावा.