चोपन्नाव्या वर्षीचे म्हातारपण

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या चोपन्न वर्षांच्या माणसाला म्हातारा म्हणून पाहावे कोणी! निवृत्तीला अजून सहा वर्षे, मुलीचे लग्न व्हायचे, बदलापूरच्या फ्लॅटचे हप्ते चालू. वयाची कबुली काय ती दर पंधरवड्याला कलपापुरती. आणि म्हातारपणाचे म्हणून जगभर गायले जाणारे ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती सांध्यगीत लिहिणारा हेन्री फ्रान्सिस लाइट वारला, तो चोपन्नाव्याच वर्षी.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावात तो धर्मगुरू होता. फुप्फुसे कामातून गेलेली. सप्टेंबर १८४७ मध्ये, घरच्यांचे न ऐकता, त्याने शेवटचे प्रवचन केले. त्याच सुमारास एका संध्याकाळी हे गीत त्याने घरच्यांच्या हाती दिले, असे त्याच्या मुलीने लिहून ठेवले आहे. मग उबदार हवेसाठी तो दक्षिणेकडे निघाला आणि २० नोव्हेंबरला, आज फ्रान्समध्ये असलेल्या नीस इथे वारला. दुसरी एक कथा हे गीत १८२० सालचे, एका मरणोन्मुख मित्राच्या उशाशी सुचलेले मानते. तसे असेल तर कवी तेव्हा सत्ताविशीत होता. म्हातारपणावर बोलायला म्हाताऱ्यांना कुठे सवड असते म्हणा!

आज गातात ती चाल विल्यम हेन्री मंकची, १८६१ सालची. तिच्याही दोन कथा. त्याची पत्नी म्हणे, मोठ्या दुःखाच्या दिवसांत दोघांनी मिळून सूर्यास्त पाहिला, तेव्हा ती सुचली. दुसरी कथा म्हणते, स्तोत्रसंग्रहाच्या समितीची बैठक उठल्यावर दहा मिनिटांत. मी सूर्यास्ताच्या बाजूचा. बैठकीनंतर माणसाला फक्त चहा सुचतो.

पुढे या गीताने भलतेच जग पाहिले. १९२७ पासून इंग्लंडमध्ये एफए कपच्या अंतिम सामन्याआधी हजारो धडधाकट माणसे ते गातात. गांधीजींचे ते आवडते. दिल्लीत बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात ते वाजायचे. ‘राहा’ अशी विनवणी करणाऱ्या या गीताला २०२२ साली तिथून निरोप मिळाला.

विनवणीचे मूळ बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात आहे. यरुशलेमहून दोघे शिष्य अम्माऊस गावी चाललेले. अंतर सुमारे ११ किलोमीटर. म्हणजे उल्हासनगरहून निघायचे, अंबरनाथला १०६० सालच्या शिवमंदिरापाशी जरा टेकायचे आणि बदलापूर गाठायचे, साधारण तेवढे. वाटेत एक अनोळखी माणूस सोबत झाला. गाव आले तसा तो पुढे जायला निघाला. दोघांनी त्याला धरून ठेवले: दिवस कलला, आता कुठे जाता? बदलापुरात लेक-जावई आठच्या लोकलला निघू लागले की आजी नेमके हेच म्हणतात, आणि बोलता बोलता कुकर चढवतात. पाहुणा राहिला. ताटावर बसून त्याने भाकर मोडली, तेव्हा दोघांना ओळख पटली: हा तर क्रूसावर गेलेला आपला गुरू, येशूच! तेवढ्यात तो दिसेनासा झाला. जेवण कोणी उरकले की नाही, लूक सांगत नाही. इतकेच सांगतो, की उशीर झाला म्हणून पाहुण्याला अडवणारे ते दोघे त्याच घटकेला उठले आणि बातमी द्यायला पुन्हा अकरा किलोमीटर चालत यरुशलेमला गेले.