प्रमोशन कळंबपर्यंत आलंय

आमच्या यवतमाळ जिल्ह्यानं महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, आणि दोघंही पुसदच्या एकाच नाईक घराण्यातले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून जास्त त्या खुर्चीवर बसले. त्यांचे पुतणे सुधाकरराव गावच्या सरपंचपदापासून निघाले ते १९९१ साली मुख्यमंत्री झाले, आणि पुढं हिमाचलचे राज्यपालसुद्धा. मी याच जिल्ह्याच्या मातीत वाढलो, इथलंच पाणी प्यालो, आणि एका मोठ्या बियाणे कंपनीच्या यवतमाळ ऑफिसात सीनियर असिस्टंट म्हणून जो चिकटलो तो चिकटलोच. एकाच खुर्चीवर टिकून राहण्यात मात्र मी वसंतरावांना केव्हाच मागं टाकलंय.

ज्या जिल्ह्यात माणसं कापसाला भाव मिळेल का म्हणून रात्र-रात्र जागतात, तिथं पदाचं गाऱ्हाणं मोठ्यानं करायची लाज वाटते. म्हणून तुम्हाला हळू आवाजात सांगतो. चहा घ्या, थंड होतोय.

आमच्याकडं मॅनेजर म्हणून जो कोणी येतो तो लांबून येतो, आल्या दिवशी त्याला पऱ्हाटी कोणती आणि तूर कोणती हे कळत नसतं, मग वरून फोन येतो की साहेबांना जरा एरिया दाखवा, आणि मी त्यांना घेऊन दारव्हा, दिग्रस, उमरखेड, पांढरकवडा, वणी अशी वरात काढतो. कोणता कृषी केंद्रवाला उधारी थकवतो, कोणाकडं चहाला नाही म्हटलं की तो वर्षभर फुगून बसतो, मृगाचा पाऊस लागला की कोणत्या गोदामात पाणी शिरतं, सगळं सांगतो. साहेब डायरीत लिहून घेतात, दोन हंगामांत तयार होतात आणि बढती घेऊन नागपूरला जातात. मग पुढचे साहेब येतात. त्यांना एरिया दाखवायचा असतो.

बरं, माणसांचं सोडा. आमच्या धंद्यात बियाण्यालासुद्धा प्रमोशन आहे. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली आणि २००६ साली त्याची सुधारित, दोन जनुकांची आवृत्ती बाजारात आली. चार वर्षांत बढती! जिला मारायला हे बियाणं आलं ती बोंडअळी तर त्याहून हुशार निघाली, या दुसऱ्या आवृत्तीलाही पचवून २०१७ साली तिनं आमच्या जिल्ह्यात असा धुमाकूळ घातला की शेतकऱ्यांनी हात टेकले. अळीनं परिस्थितीशी जुळवून घेतलं. मी बियाण्याची पाकिटं मोजत राहिलो.

आता तुम्ही म्हणाल, काही प्रयत्न केलास की नाही? केले ना! दरवर्षी कंपनी आम्हाला कॉम्प्युटरवर स्वतःचं मूल्यमापन करायला लावते. प्रत्येक गुणासमोर एक ते पाच आकडे असतात, त्यातला एक निवडायचा. पाचव्या नंबरच्या पोराला पेढा भरवलेला मी तरी आयुष्यात पाहिला नाही, तेव्हा नेतृत्व, संवादकौशल्य, वक्तशीरपणा, दूरदृष्टी, जे जे समोर आलं तिथं मी मोठ्या मनानं स्वतःला पहिला नंबर देत गेलो, आणि शेवटी ‘एरियाज ऑफ इम्प्रूव्हमेंट’ असा रकाना आला तिथं विचारपूर्वक लिहिलं, ‘झरी-जामणी, मारेगाव आणि घाटंजीचा थोडा भाग’. साहेबांनी फॉर्म वाचून मला केबिनमध्ये बोलावलं. एक म्हणजे अत्यंत असमाधानकारक, हे मला तिथं कळलं. साहेब म्हणाले, कर्मचारी आणि वरिष्ठ यांचं इतकं एकमत मी पहिल्यांदाच पाहतोय.

लॉरेन्स पीटर नावाच्या गृहस्थांनी १९६९ साली एका पुस्तकात सिद्धांत मांडला की नोकरदार माणूस बढत्या घेत-घेत अखेर त्याला न झेपणाऱ्या पदावर पोचतो आणि तिथंच अडकतो. मी मधल्या बढत्यांचा वेळ वाचवला.

तशी अडकून पडायची आमच्या गावाला सवयच आहे. आमची शकुंतला घ्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज इंग्रजांच्या काळातली, किलिक निक्सन या विलायती कंपनीची. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, ही तेवढी राहून गेली. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं एकच पद, एकच वाट, वरून कोणाची विचारपूस नाही. मग एक दिवस डिझेलचं इंजिन आलं आणि हे निवृत्त. पुढं गाडीच बंद पडली. रुळांच्या बाजूनं जाताना मला उगाच सासुरवाडीचं कोणी भेटल्यासारखं वाटतं.

मग २८ फेब्रुवारी २०२४ उजाडला. वर्धा–यवतमाळ–नांदेड या ब्रॉडगेजच्या वर्धा ते कळंब टप्प्याचं त्या दिवशी उद्घाटन झालं. गाडी यवतमाळच्या अलीकडं येऊन थांबली खरी, पण सौ.ला तेवढंही पुरलं.

“पाहा जी, रेल्वेचं प्रमोशन कळंबपर्यंत आलं,” ती म्हणाली. “मंग तुमचं काऊन येणार नाही? आपण चिंतामणीला नवस बोलू.”

कळंबचा चिंतामणी जागृत. मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. समोर कुंड. लोक सांगतात की दर बारा वर्षांनी कुंडाचं पाणी चढतं आणि गणपतीच्या पायांना लागतं. म्हणजे तिथं पाण्यालासुद्धा बारा वर्षांत वरची पायरी मिळते, तेव्हा माझी आशा वाढली. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. डेप्युटी मॅनेजरच्या जागेसाठी माझी मुलाखत व्हिडिओ कॉलवर, आम्ही ज्या मंगळवारी नवस बोलायला कळंबला गेलो, त्याच मंगळवारी होती, ‘अकरा ते एकच्या दरम्यान केव्हाही’, आणि जमिनीखाली मोबाइलला रेंज नसते.

दर्शन घेऊन पायऱ्या चढून वर आलो तर मिस्ड कॉलची रांग लागलेली. तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. मी हारवाल्याच्या दुकानाआड उभा राहिलो, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात मोबाइल, कपाळभर गुलाल, पायात चप्पल नाही आणि खालची फरशी अशी तापलेली की मी एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. त्यात एका बकरीला माझ्या पिशवीतल्या दुर्वा दिसल्या. पडद्यावर हैदराबादचे तीन साहेब, सूटबूट घालून, ओळीनं बसलेले. नेटवर्क तुटत-तुटत येत होतं. मधल्या साहेबांनी हिंदीतून बराच मोठा प्रश्न विचारला, त्यातला शेवटचा तुकडा तेवढा माझ्यापर्यंत पोचला.

“...आप खुद को कहाँ देखते हैं?”

मी मोबाइलमध्ये नीट पाहिलं. पाहून खरं ते सांगितलं.

“सर, नीचे. दाहिने कोने में.”

तिघांचेही चेहरे हलायचे थांबले. नेटवर्क गेलं असेल असं मी समजत होतो. नेटवर्क उत्तम होतं.

पाच वर्षांनंतरचं विचारलं होतं, हे मला निकालाच्या दिवशी समजलं. जागा आमच्याच ऑफिसातल्या पोराला मिळाली. पोरगा गुणी आहे, खोटं कशाला बोलू. तीन हंगामांपूर्वी आला तेव्हा त्याला बियाण्याची पिशवी कोणत्या बाजूनं उसवायची तेही मीच दाखवलं होतं. मला काका म्हणतो. बढतीनंतरही काकाच म्हणतो. अडचण माझी आहे, मला आता त्याला सर म्हणावं लागतं, आणि तो प्रत्येक वेळी मागं वळून पाहतो की कोण आलं.

घरी आलो, सौ.ला सांगितलं. मला वाटलं रडेल, निदान चिंतामणीवर तरी रुसेल. तिनं कपाळाला हात लावला.

“अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस,” मी म्हणालो.

“तसं नाही हो. नवस फेडावा लागणार ना!”

“कशाचा? माझं कुठं झालं?”

“मी तुमचं नाव कुठं घेतलं होतं? ‘यांच्या ऑफिसात यंदा प्रमोशन होऊ दे’ एवढंच बोलले. झालं की! एकवीस मोदक आणि पाच नारळ. देवाच्या कामात टाळाटाळ चालत नाही.”

सोमवारी रात्री खोबरं मीच किसलं. मोदकाच्या कळ्या जमत नाहीत म्हणून ते काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं. मंगळवारी नव्या सरांना सोबत घेऊन निघालो, कारण कंपनीची गाडी आता त्यांच्या नावावर आहे, आणि कळंबचा एरिया त्यांना तसाही दाखवायचाच होता.