पाण्यात पडण्याचे दर

देवबागला जायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती : काहीही बघायचं नाही. मेहुण्याने ती तत्काळ मान्य केली आणि दुसऱ्या दिवशी चौदा ‘पॉइंट’ची यादी पाठवली. यादीचं शीर्षक होतं, ‘भाऊजींचा निवांतपणा’.

देवबाग म्हणजे मालवणपासून दहा-बारा किलोमीटरवरची जमिनीची चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. तारकर्ली मागे पडली की वाट चुकायचीही सोय नाही. चुकलात तर पाय भिजतात आणि चूक कळते. सूर्य उगवतो खाडीकडे, मावळतो समुद्रात. मी मनाशी ठरवून टाकलं : सकाळी खुर्ची पूर्वेकडे, संध्याकाळी पश्चिमेकडे. दोन दिवसांना एवढा व्यायाम पुष्कळ झाला.

पण सकाळी सहालाच पॉइंट नंबर एक दारात उभा राहिला : डॉल्फिन. बोट संगमातून समुद्रात शिरली आणि नावाडी “तो बघा!” म्हणून ओरडला. सगळे उजवीकडे झुकले. मला त्या सकाळी एकूण नऊ पाठी आणि अकरा मोबाइल दिसले. परतताना भोगव्याचा किनारा आणि निवतीचा किल्ला लांबूनच ‘झाले’, आणि आम्ही सुनामी आयलंडवर उतरलो. २००४च्या सुनामीत हा वाळूचा पट्टा वर आला, असं सांगतात. सुनामीने नुसती वाळू आणली असावी; कांदाभजी आणि बनाना राइड मागाहून माणसांनी आणली. बनाना राइड म्हणजे फुगवलेल्या पिवळ्या केळ्यावर सहा जणांना बसवायचं, स्पीडबोटीने ओढत खोल पाण्यात न्यायचं आणि तिथे केळं मुद्दाम उलटं करायचं. याचे पैसे आधी घेतात. नंतर कोणी देणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

दुपारी स्कूबा. प्रशिक्षकाने खुणा शिकवल्या : तर्जनी आणि अंगठा जुळवून गोल केला म्हणजे ‘ठीक आहे’, अंगठा वर म्हणजे ‘मला वर न्या’. मांजर पिल्लाला उचलतं तसं मानेमागे धरून त्याने मला खाली नेलं. खाली खरोखरच दुसरं जग होतं. पट्ट्यापट्ट्यांचे मासे नाकासमोरून जात होते. मी इतका हरखलो की आयुष्यभराच्या सवयीने अंगठा दाखवला, फर्स्ट क्लास! पुढच्या क्षणी मी बोटीत होतो. पैसे पूर्ण लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. त्याचा दरवाजा असा दडवला आहे की अगदी जवळ गेल्याखेरीज दिसत नाही. मेहुण्याला जवळ जाऊनही दिसला नाही, कारण तो यादी बघत होता. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि भर समुद्रात गोड्या पाण्याच्या विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चोहोकडे खारं पाणी असताना गोडं पाणी शोधून काढणाऱ्या माणसांच्या विहिरींपुढे उभं राहून आम्ही वीस रुपयांच्या बाटलीचे चाळीस का, यावर वाद घालत होतो.

संध्याकाळी मुक्कामी परतलो तेव्हा घरमालकाची आई पडवीत वाल सोलत होती. दोन दिवस काय काय केलं, ते मी तिला सांगितलं. केळ्याचं ऐकून तिचे हात थांबले.

“म्हणजे पैशे देवन पाण्यात पडलास?”

“हो, आजी.”

“माझो झिल रोज फुकट पडता,” असं म्हणून ती पुन्हा वालांकडे वळली.

शेवटच्या सकाळी मेहुणा झोपलेला असताना मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. तिथे रापण चालली होती. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घालून जाळं सोडलेलं होतं आणि त्याची दोन टोकं वाळूवर दोन रांगा ओढत होत्या. मी बघत उभा होतो. रांगेतला एक जण म्हणाला, “बघतास काय? हात लावा!” लावला. पहिल्या पाच मिनिटांत कळलं की समुद्र आपल्यापेक्षा जड आहे. तासाभराने तळहात सोलवटून निघाले, बोटांना दोराचा वास लागला, आणि जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात चांदी उसळत होती. “पूर्वी याच्या कितीतरी पट गावायचा,” शेजारचा म्हणाला. मोठ्या यांत्रिक बोटी आल्यापासून किनाऱ्यापर्यंत फारसं काही उरत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. तरी वाटे पडले आणि न मागता चार बांगडे माझ्याही हातात आले.

आजीने ते उलटसुलट करून पाहिले. “खंय गावले?”

“रापण ओढली.”

तिने माझे तळहात पाहिले, प्रथमच हसली आणि तिरफळं घालून तिखलं केलं. त्या जेवणाचे पैसे तिने घेतले नाहीत.

रापणीला मेहुण्याच्या यादीत जागा नव्हती. घरी आल्यावर त्याने सहलीचा हिशेब पाठवला. खर्चाच्या बाजूला चौदा नोंदी होत्या. जमेची बाजू कोरी होती, ती मी भरली : बांगडे, नग चार.