बॉक्सराव

खरं नाव सांगून उपयोग नाही, ते आता सोसायटीच्या देखभाल-पावतीखेरीज कुठे सापडत नाही. फॉर्म्युला वनमध्ये ड्रायव्हरला टायर बदलायला पिटमध्ये बोलवायचं असलं की इंजिनिअर रेडिओवर 'बॉक्स, बॉक्स' म्हणतो. आमचा हा गृहस्थ, बायकोने जेवायला हाक मारली की 'आलो' न म्हणता 'बॉक्स, बॉक्स' असं ओरडत उठतो. तेव्हापासून बॉक्सराव.

वय ४३. धंदा जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचा. वाहन अ‍ॅक्टिव्हा, आणि ती कर्वे रस्त्यावरून डाव्या कडेने, ताशी ३५च्या पुढे न जाता. वेग ही त्याच्या मते बघायची गोष्ट आहे, करायची नव्हे. २०११ साली ग्रेटर नॉयडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रांप्री झाली, तेव्हा तो तिकीट काढून गेला होता. इंजिनांच्या आवाजाने कानाला बसलेले दडे त्याने दोन दिवस गंगेच्या गडूसारखे जपले. ती शर्यत तीनच वर्षं झाली, तिन्ही वेळा फेटेल हा एकच ड्रायव्हर जिंकला आणि मग ती बंद पडली. त्यामागचा कराचा वाद बॉक्सराव पाऊण तास समजावून सांगतो, कारण तिथे त्याची दोन्ही प्रेमं एकत्र येतात.

शर्यतीतलं सगळं तो घरी वापरतो. अंडरकट म्हणजे पुढच्याच्या आधी पिटमध्ये जायचं, नव्या टायरवर जोरात पळून घ्यायचं आणि तो टायर बदलून येईतो त्याच्या पुढे निघून जायचं. लग्नात आम्ही अक्षता मुठीत धरून शेवटच्या 'सावधान'ची वाट बघत असतो, तेव्हा याच्या ताटात मठ्ठा आलेला असतो. आम्ही बुफेच्या रांगेला लागेपर्यंत हा विडा चघळत नवरदेवाशी हस्तांदोलन करतो. परवा एका मुंजीत मात्र थांबून राहिला. विचारलं, तर म्हणाला, "आज ओव्हरकट. जिलब्यांचा दुसरा घाणा यायचाय."

तर हा माणूस गेल्या वर्षी गणपतीत आरतीनंतर म्हणाला, "वेबसाइट काढतोय. शर्यतींचं विश्लेषण."

"तुला कोडिंग कुठे येतं रे?"

"लागतच नाही आता! नो-कोड. खोकी उचलायची, पानावर सोडायची."

त्याने दाखवलंही. पडद्यावर एक खोकं बोटाने ओढलं, ते एअरटेबल नावाच्या सेवेतल्या तक्त्याला जोडलं आणि खोक्यात आलेख उगवला. मोनॅकोची फेरी, वेळ १:१४, म्हणजे एक मिनिट चौदा सेकंद. पण तक्त्याला तो मोनॅको आहे हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने ते एक तास चौदा मिनिटं असं वाचलं. सव्वातीन किलोमीटरला सव्वा तास! तेवढ्यात माझी आई पर्वती चढून, देवाला नारळ फोडून, भेळ खाऊन परत येते.

ते निस्तरलं. मग रंग. शर्यतीत सॉफ्ट टायरला लाल पट्टा, मीडियमला पिवळा, हार्डला पांढरा. यानेही आलेखात तसेच रंग दिले. पान पांढरं, रेघ पांढरी. हार्ड टायरवरची गाडी ज्या फेरीत पिटमधून बाहेर पडायची त्याच फेरीत अंतर्धान पावायची. म्हणून सगळी साइट काळी केली. पावसाच्या टायरला निळा असतो, तो काळ्यावर बुडाला. मग निळ्याच्या छटा शोधणं सुरू झालं. तिकडे येतोच.

मध्ये एक जुनं प्रकरण त्याने अकारण उकरलं. १९९७ साली हेरेझच्या पात्रता फेरीत व्हिलनव्ह, शूमाकर आणि फ्रेंटझेन या तिघांची वेळ हजारांश सेकंदापर्यंत सारखी निघाली, १:२१.०७२. ज्याने ती आधी नोंदवली त्याला पोल, म्हणजे सुटताना सर्वांत पुढची जागा, म्हणून व्हिलनव्ह पहिला. बॉक्सरावच्या साइटने तिघांना आडनावाच्या अक्षरानुसार उभं केलं आणि पोल फ्रेंटझेनला देऊन टाकली. खोकी ओढणाऱ्याला कोड येत नसला तरी चालतं, पण रांगेत कुणाला आधी घ्यायचं हे त्यालाच सांगावं लागतं. रेशनच्या दुकानातही हाच घोळ असतो. वेळ कोणी आधी नोंदवली याचा नवा रकाना करण्यात याचे दोन रविवार गेले. १९९७चा निकाल त्याला कुणीही विचारलेला नव्हता.

खरी कसोटी पुढे आली. मोनॅकोची २०२४ची शर्यत त्याने तक्त्यात भरली. ७८ फेऱ्या, पहिल्या दहाजणांत कोण कितव्या स्थानावरून कितव्यावर गेला याचा आलेख. चढउतार, गुंतागुंत, सापशिडीसारखं काहीतरी दिसेल म्हणून आम्हा चौघांना मुद्दाम बोलावलं होतं, वहिनींनी पोहेही केले होते. कळ दाबली. पडद्यावर दहा आडव्या सरळ रेघा. दुरेघी वहीसुद्धा याहून रंगतदार असते.

"बिघडलं," तो म्हणाला. पोहे गार झाले. पुढच्या तीन रात्री त्याने खोकी तोडली, जोडली, तक्ता पुसून पुन्हा भरला, कंपनीच्या मदतकेंद्राला दोन पत्रं लिहिली. चौथ्या दिवशी वहिनींनी मोबाइलवर बातमी काढून त्याच्यापुढे धरली. पहिले दहाजण ज्या क्रमाने सुटले होते त्याच क्रमाने पोचले होते. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं होतं. साइट बरोबर होती, शर्यतच तशी होती.

दुसरा कुणी खजील झाला असता. बॉक्सराव खूश झाला. "बघ, कोड न लिहिता इतिहास पकडला!" म्हणाला आणि जेवायला बसला. ती साइट अख्ख्या वर्षात बरोबर चालल्याचा तो एकमेव पुरावा, आणि तोही त्याने पुसून पुन्हा भरला होता.

उद्घाटन आधी दसऱ्याला होतं, मग पाडव्याला, आता 'सीझन सुरू होताना' आहे. कुठला सीझन, ते त्याने सांगितलेलं नाही. अडलंय फक्त पावसाच्या टायरच्या निळ्यावर. दोन छटा उरल्यात. मला दोन्ही सारख्याच दिसतात. तुमचं याबाबत काही ठाम मत असेल, तर कृपा करून त्याला कळवू नका. आत्तापर्यंत अकराजणांची घेऊन झालीत.