काकाजी कॅमेरा घेतात

रोहण्यात कुणाला व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा झाला तर दुकानात जाण्याआधी काकाजींकडे जावं लागे, आणि काकाजींकडे गेलं की दुकानात जायचं राहून जाई. वस्तू घेणारे आमच्या गावात पुष्कळ झाले. कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी डिश घेतली, कुणी तुरीच्या चुकाऱ्यावर फटफटी घेतली. पण वस्तू न घेताच तिच्यावर एवढा अधिकार मिळवलेला माणूस एकच.

काकाजी म्हणजे अख्ख्या गावाचे काकाजी. वयानं मोठी माणसंही त्यांना काकाजीच म्हणतात. अंगानं वाळल्या पऱ्हाटीसारखे, खिशात दोन पेन आणि एक भिंग. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या योजनेत काकाजींनी पुढं बरेच हंगाम ग्रेडरकी केली. बंडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन अंगठ्यांत धरून तंतू ओढायचा, उजेडाकडे करायचा, ओल किती, पत्ती किती, कवडी किती ते पाहायचं आणि समोरचा शेतकरी देवाचं नाव घेत उभा असताना अजिबात घाई न करता प्रत सांगायची. नोकरी संपली, अंगठे तसेच राहिले. तेव्हापासून जावई, पाऊस, निवडणुकीतला उमेदवार आणि चौकातला आलुबोंडा, सगळंच त्यांच्या अंगठ्यांतून जातं.

घरात एक कॅमेरा असावा हे त्यांच्या मनात आलं तेव्हा रोहण्यावरून पुलगाव-आर्वीची छोटी गाडी धावत होती. इंग्रजांच्या काळातली अडीच फुटी लाइन, आज ना उद्या बंद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. ‘बंद व्हायच्या आत इचं शूटिंग घेऊन ठेवू,’ असं काकाजींनी जाहीर केलं. तेव्हा प्रश्न होता व्हीएचएस-सी घ्यावा की आठ मिलिमीटरचा. पहिल्याची कॅसेट अडॅप्टरमध्ये घालून घरच्या व्हीसीआरवर लावता येई, पण ती लवकर संपे. दुसऱ्याची कॅसेट जास्त वेळ चाले, पण पाहायचं तर कॅमेराच टीव्हीला जोडावा लागे. दोन्ही पारडी सारखी. काकाजी तोलत राहिले आणि नव्वदच्या दशकात गाडी बंद झाली.

‘बरं झालं घेतला नाही,’ काकाजी म्हणाले. ‘आता आठ मिलिमीटर बी जाऊन राहिलं. मिनी डीव्ही येऊन राहिलं.’

मिनी डीव्ही आलं. मग त्याच कॅसेटवर हायडेफिनिशन भरणारं एचडीव्ही आलं. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिकनं मिळून एव्हीसीएचडी काढलं. कॅसेटीचं युग सरलं आणि चकती, हार्ड डिस्क, कार्ड सुरू झालं. दर वेळी काकाजींचे पैसे वाचले. न केलेल्या खर्चाचं एवढं सुख सावकारानंही कधी भोगलं नसेल.

हायडेफिनिशनच्या पर्वात त्यांनी लांब वही घातली. आडव्या रकान्यात कंपन्या, उभ्या रकान्यात गुण. ही वही आम्ही पोरांनी चोरून वाचली आहे आणि खरं सांगायचं तर तेवढं शहाणपण कुठल्या दुकानदारानं आम्हांला कधी दिलं नाही. झूमच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘खोक्यावर ३०० असला तरी ऑप्टिकल तेवढा मोजावा. डिजिटल झूम म्हणजे चित्र कापून ताणणे.’ कार्डाच्या रकान्यात हिशेब होता: ‘२४ एमबीपीएसवर तासाला अकरा जीबीच्या आसपास. १६ जीबीत लग्न बसत नाही, साक्षगंध बसते.’ १०८०-आयसमोर लिहिलं होतं की यात एका वेळी निम्म्याच ओळी टिपल्या जातात, आधी विषम आणि मागून सम; म्हणून धावता बैल कडेला फाटतो. पी असेल तर अख्खा बैल एकदम येतो. पोळ्याचं शूटिंग करणाऱ्यानं हे वाक्य फ्रेम करून लावावं.

फोटोच्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ काढू नये, असंही एका पानावर लाल शाईत होतं. असे कितीतरी कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंद झाली की आपोआप थांबत. कारण काकाजींनी हुडकून काढलं होतं: युरोपात अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा समजून जादा जकात लावायचे, म्हणून कंपन्यांनी एक सेकंद अलीकडेच गाडी थांबवली. ‘म्हंजे पाहा,’ काकाजी सांगत, ‘जकात त्याईची, अन् मंगलाष्टकं आपली तुटतात!’

न्यू जर्सीतल्या भाच्यानं एकदा फोन केला, ‘मामाजी, दिवाळीला येतोय, तुमच्यासाठी हँडीकॅम आणतो.’ फुकट. काकाजींनी नाही म्हटलं. तिकडची वीज साठ हर्ट्झची, कॅमेरे साठाच्या चालीचे. आपली वीज पन्नासची. साठाच्या कॅमेऱ्यात आपली ट्यूबलाइट लुकलुकते. शास्त्र अगदी बरोबर होतं. फक्त पाटलाच्या पोरानं विचारलं, ‘पन काकाजी, आपल्या इथं ट्यूबलाइट लागते कवा?’ तो भारनियमनाचा काळ होता. काकाजींनी त्याच्याकडे कवडी कापसाकडे पाहावं तसं पाहिलं.

वर्षातून एकदा ते नागपूरला बर्डीवर जात. त्यातल्या एका फेरीला मी सोबत होतो. दुकानातल्या पोरानं काचेच्या पेटीतून कॅमेरा काढला आणि दरवाजाबाहेरच्या रहदारीवर रोखून झूम दाखवू लागला. काकाजींनी त्याला थांबवलं. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, तिच्यातून कापसाचं एक उमललेलं बोंड काढून काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, ‘याचं घ्या.’ पोरानं घेतलं. काकाजींनी भिंग काढून त्या अडीच-तीन इंची पडद्यावर धरलं. मालकही उठून आला. ‘पांढरं कुठं हाय? पिवळसर दिसून राहिलं. व्हाइट बॅलन्स मॅन्युअल करा.’ पोरानं केलं. ‘आता तंतू सुटा दाखवा.’ तंतू सुटा दिसेना. ‘आता लाइट बंद करा दुकानातले.’ मालकानं गल्ल्याकडे एकवार पाहिलं आणि खरंच अर्धे दिवे बंद केले. अंधारात बोंडाभोवती रंगीत मुंग्या वळवळू लागल्या. एक मीटरवर मेणबत्ती ठेवली की पडतो तेवढा उजेड म्हणजे एक लक्स, आणि एवढ्याशा कॅमेऱ्याचा सेन्सर नखाहून लहान. तो अंधारात उजेड आणणार कुठून, हे काकाजींनी मालकाला, पोराला आणि उधारीचा चार्जर बदलायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला समजावून सांगितलं. निघताना मालकानं विचारलं, ‘मग काकाजी, द्यायचा का?’

‘फेअर हाय,’ काकाजी म्हणाले. ‘सुपर नाही.’

एकदा मी त्यांना डिवचायला सावेदादांची गोष्ट सांगितली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लुमिएरची चित्रं १८९६ साली मुंबईत आली, ती त्यांनी पाहिली, इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती टिपून मोकळे झाले. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे परत आले, तेही टिपले. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, दोनेक आठवड्यांत विल्यमसनचा कॅमेरा ठरवून आले आणि दुसऱ्या वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर. तुम्ही मात्र अजून वहीतच!

काकाजी शांतपणे म्हणाले, ‘सावेदादापाशी चॉइस होता का? चॉइस नसला का मानूस लवकर मोठा होते.’ आणि थोडं थांबून, ‘फाळक्यांनी बी पयले वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम करून घेतलं. म्हंजे टेस्टिंगच केली ना?’

या काळात गावातल्या बऱ्याच घरांत कॅमेरे आले, बहुतेक काकाजींचा सल्ला मोडून. त्यामुळं आमच्याकडच्या कुठल्याही लग्नाची सीडी लावा, हळदीपासून बिदाईपर्यंत कुठंतरी काकाजींचा आवाज येतोच: ‘खिडकीकडे तोंड नको करू, नवरी काळी येईन!’ ‘झूम नको मारू, चालत जाय ना समोर!’ एका वरातीत तर नवरदेवापेक्षा काकाजींचा हात जास्त वेळ दिसतो. शूटिंगवाल्याच्या हॅलोजनवाल्या पोराला ते मागं सरकवत आहेत. स्वतःचा कॅमेरा नसलेला हा माणूस गावाच्या साऱ्या चित्रणात हजर आहे.

अखेर कॅमेरा आला तो भीतीपोटी. भाव उतरायची वाट पाहत असताना बर्डीच्या मालकानं सांगितलं की हा माल आता येणं कमी झालं, लोक मोबाइलवरच काढतात, हा एकच पीस राहिलाय. भाव पडतो हे काकाजींना ठाऊक होतं. बाजारच उठतो हे वहीत नव्हतं. त्यांनी जागच्या जागी पैसे मोजले. पूर्ण एचडी, पन्नासच्या चालीचा, मुठीत मावणारा. घरी आणल्यावर काकूंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. काकाजींनी मात्र स्क्रीनवरचं प्लास्टिक काढू दिलं नाही आणि जाहीर केलं, ‘पयले टेस्टिंग. मंग शूटिंग.’

टेस्टिंग लांबलं. भिंतीवरचं कॅलेंडर जवळून आणि दुरून. निंबावरचा कावळा, हात टेकवून आणि हात न टेकवता. रस्त्यावरची आर्वीची बस, डावीकडून आणि उजवीकडून. मे महिन्यातल्या दुपारी बॅटरी किती टिकते, आणि ते पाहताना उंबऱ्यात झोपलेलं कुत्रं. नातवाच्या वाढदिवसाला कॅमेरा बाहेर आला नाही. टेस्टिंग अपूर्ण होतं. वाढदिवस मोबाइलवर झाला.

कमी उजेडाची चाचणी एका संध्याकाळी झाली. लाइन गेली होती. काकाजींची माय ओसरीत कंदिलाजवळ बसून वाती वळत होती. काकाजींनी कॅमेरा तिपाईवर ठेवून चालू केला. चित्रात माय दिसते, मांडीवर कापूस, बोटं चालूच. मधूनच ती वर पाहते.

‘काय पाहून राहिला रे मघापासून?’

‘माय, हालू नको. दोन मिन्टं.’

‘हालू नको त वाती कोन वळन? तुही बायको?’

आतून काकूंचं हसणं ऐकू येतं. मग माय कापसाची एक चिमूट कॅमेऱ्यासमोर धरते. ‘हे पाह्य. देशी हाय. तुह्या बापानं असा कापूस आनला होता, तू झाला त्या सालचा.’ आणि तिचं सुरूच राहतं: त्या सालचा पाऊस, काकाजींचं बारसं, आर्वीच्या बाजारातून उधार आणलेलं कुंचीचं कापड. काकाजी मध्ये मध्ये ‘हो, हो’ म्हणतात. लक्ष सगळं कंदिलाच्या उजेडावर. लाइन येते, माय दिव्याला हात जोडते आणि चाचणी संपते. वहीत नोंद आहे: ‘कंदील. मुंग्या बऱ्याच. फेअर.’

पुढच्या वर्षी माय गेली. दिवस झाल्यावर सुनेनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. माणसांचं असं त्यात एवढं एकच होतं. तिनं कुणाला न विचारता ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. काकाजींना कळलं तेव्हा ते ओट्यावरून उठून उभेच राहिले. ‘व्हाट्सअॅपवर टाकलं? कॉम्प्रेस होते ना ते! चिंधड्या झाल्या असतीन चित्राच्या!’

तेवढ्यात फोन सुरू झाले. अमरावतीचा जावई, न्यू जर्सीचा भाचा, आणि पुण्याची बहीण. तिला तर बोलताच येईना, नुसते हुंदके. काकाजींनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग गळा खाकरून म्हणाले, ‘थांब, आता नको रडू. तू पायलंच कुठं अजून? ते तर सारं दबलेलं हाय. ओरिजनल पाहाले ये रोहण्याले.’