साहेब होण्याचे प्राथमिक धडे

सर्वप्रथम टॉवेल. तहसील कार्यालयात रुजू झालेल्या नव्या अधिकाऱ्याने आपल्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल आहे की नाही, हे पाहून घ्यावे. नसेल तर शिपायाकडे मागू नये. तो आपण होऊन आणतो, आणि चार दिवसांत आणला नाही तर कार्यालयाने आपल्याबद्दल काय मत करून घेतले आहे ते ओळखावे. टॉवेलाने घाम पुसायचा नसतो. तो नुसता असतो.

मी महसूल खात्यात चौतीस वर्षे काढली. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. (या पदाला आता सहायक महसूल अधिकारी म्हणतात. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि कोतवालाचा महसूल सेवक. पाट्या बदलल्या, पण गावातली माणसे अजून दारातून डोके घालून ‘भाऊसाहेब हायेत का?’ असेच विचारतात.) एवढ्या वर्षांत तहसीलदार बरेच पाहिले, नायब तहसीलदार मोजलेच नाहीत. दर नवीन बॅचबरोबर दोन-चार मुलेमुली अशी येतात की त्यांना ध्येयाने आणि करुणेने काम करायचे असते. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीत तसे सांगितलेले असते, मग परत फिरता येत नाही. हे धडे त्यांच्यासाठी.

शब्दांपासून सुरुवात करू. ध्येय, हेतू, प्रयोजन या गोष्टी आपल्या कार्यालयात अर्जदाराने आणायच्या असतात. दाखला कशासाठी हवा, हे त्याला अर्जात लिहावे लागते. अधिकारी कशासाठी हवा, असे विचारणारा रकाना कुठल्याही नमुन्यात नाही. अधिकाऱ्याच्या बाबतीत हेतू हा शब्द फक्त कारणे दाखवा नोटिशीत येतो, तोही ‘हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले’ असा. तेव्हा आपल्याला हेतू आहे, हे चारचौघांत बोलू नये.

करुणेचे तसे नाही. करुणेला शासनात जागा आहे, मंजूर जागा आहे. नोकरीत असताना कर्मचारी वारला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी मिळते, तिला अनुकंपा नियुक्ती म्हणतात. ती गट क आणि ड मध्येच होते, तिची प्रतीक्षायादी असते, आणि वाट पाहता पाहता पंचेचाळिशी उलटली की यादीतून नाव जाते. मी नोकरीत असताना ‘अनुकंपा’ हा शब्द हजारदा ऐकला असेल. दर वेळी त्याच्यापुढे ‘यादीत कितवा नंबर?’ हे होतेच. दुसरा शब्द सहानुभूती. ‘आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल’ असे पत्र गेले की समजावे, नस्ती बंद झाली.

आता कृती. करुणा दाखवण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे जमिनीवर बसणे. एखादी आजी कचेरीच्या पायरीवर बसलेली दिसली की केबिनमधून बाहेर यावे, तिच्या शेजारी टेकावे, तिचा हात हातात घ्यावा. मोबाइल कोणाच्या हातात द्यायचा ते आधी ठरवून ठेवावे, नाहीतर शिपाई आडवा धरायचा तो उभा धरतो. पार्श्वसंगीत बासरीचे बरे. संध्याकाळपर्यंत तालुकाभर कळते की साहेब जमिनीवरचे आहेत. आजी कशाला आली होती, हे व्हिडिओत येत नाही. ते शेवटी मला विचारावे लागायचे, कारण उठून जाताना साहेबांनी ‘यांचं बघा’ म्हटलेले असायचे. तिचा हयातीचा दाखला राहिलेला असायचा. म्हणजे आपण जिवंत आहोत असा कागद. ती समोर बसलेली असायची, आणि आम्ही तिला तो कागद आणायला सांगायचो.

इथे मला थोडे थांबून हिशेब मांडायचा आहे. प्रशिक्षणात तो कोणी करून घेत नाही.

संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३ साली महिना १००० वरून १५०० रुपये झाले. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागते. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. घरातल्या एकाने वर्षात अडुसष्ट दिवस खड्डे खणले की २१,००० ची रेघ ओलांडली, घर निराधार राहिले नाही. त्यामुळे तालुक्यातल्या झाडून सगळ्या निराधारांचे उत्पन्न वीस हजारांच्या आसपास भरते, हे तलाठ्याला ठाऊक, कारकुनाला ठाऊक, सही करणाऱ्या साहेबांनाही ठाऊक. सगळ्यांनी मिळून पाळलेली ही लबाडी माझ्या मते आपल्या खात्यातली सर्वात प्रामाणिक गोष्ट आहे.

पण हिशेब पुढेच आहे. बाई एकटी येत नाही, तिला वाचता येत नाही म्हणून पुतण्या बरोबर येतो. त्याचा रोज बुडतो. दाखला घ्यायला एक हेलपाटा, तो जोडायला दुसरा, ‘साहेब व्हीसीत आहेत’ (म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये) म्हणून तिसरा, सर्व्हर बंद म्हणून चौथा. चार हेलपाट्यांचे पुतण्याचे १२४८ रुपये झाले, वर एसटीचे भाडे. पहिल्या महिन्याचे अनुदान मंजूर होण्याआधीच संपले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट. योजना चांगलीच आहे. मात्र तिचा एक परिणाम मी टेबलाच्या अलीकडून पाहिला. ‘उद्या या’ म्हणताना पूर्वी कारकुनाची जीभ थोडी अडखळायची. आता तो म्हणतो, ‘आजी, तुमाला कुठं तिकीट पडतंय?’

तर नवशिक्यांनो, करुणा मोजायचे माप हेलपाटा. किलो, लिटर, हेलपाटा. बाकी कुठल्या मापात ती येते असे कोणी सांगितले तर त्याने तहसील कचेरी बाहेरूनच पाहिली आहे.

हेलपाटे वाढवण्याचे शास्त्र सविस्तर आहे, त्यातली त्रुटीची कला आधी शिकावी. अर्जात चार कागद कमी असतील तर चारही एकदम सांगू नयेत. आज रेशनकार्डाची झेरॉक्स सांगावी. ती आणली की रहिवासाचा पुरावा. मग नावातला फरक: आधारवर ‘शेवंताबाई’, सातबाऱ्यावर ‘शेवंता’. मग त्या फरकाचे प्रतिज्ञापत्र. कोणी म्हणेल की २०१५ साली शासनाने अशा कामांना साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते असे ठरवून दिले. खरे आहे. तो शासन निर्णय आमच्या कपाटातही होता, वर मुद्रांक विक्रेत्याने दिलेले कॅलेंडर होते.

कायद्याला घाबरू नये. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. मुदतीत सेवा दिली नाही तर ५०० पासून ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मुदतीचे घड्याळ परिपूर्ण अर्ज दाखल झाला की चालू होते. अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे कोण ठरवते? आपणच. त्याआधीचा दप्तर दिरंगाईचा कायदा २००५ चा. त्याप्रमाणे कुठलीही नस्ती एका टेबलावर कामाचे सात दिवस, त्याहून जास्त राहू नये. म्हणून सहाव्या दिवशी तिच्यावर ‘चर्चा करावी’ एवढे लिहून खाली सोडावी. चर्चा होत नाही, पण टेबल स्वच्छ राहते. मी स्वतः असे किती वेळा केले, ते इथे लिहीत नाही, पेन्शन चालू आहे.

काही अधिकाऱ्यांना वाईट सवयी असतात, त्या सांगणेही भाग आहे. आमच्याकडे एक मॅडम तहसीलदार म्हणून आल्या. नाव लिहिलेले त्यांना आवडायचे नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी भाषण केले नाही, टॉवेल काढून ठेवला (उकडतंय म्हणाल्या), आणि एक फतवा काढला: त्रुटी एकदाच, एका कागदावर, सगळ्या, आणि खाली लिहिणाऱ्याची सही. त्याच अर्जात दुसऱ्यांदा नवी त्रुटी निघाली, तर तो कागद अर्जदाराने आणायचा नाही, त्रुटी काढणाऱ्याने गावी जाऊन आणायचा.

आम्ही हसलो. तिसऱ्या आठवड्यात माझीच पाळी आली. बावीस किलोमीटर, शेवटचे सहा कच्च्या रस्त्याचे, दिवस मेचे. माझी गाडी, माझे पेट्रोल. म्हातारी शेळीला पाला घालत होती. रेशनकार्डाची झेरॉक्स पाहिजे म्हटल्यावर ती घरात गेली, देवाच्या फोटोमागून कॅरीबॅग काढली आणि सगळी माझ्यापुढे ओतली. त्यात आमच्याच कार्यालयाच्या तीन पोचपावत्या होत्या. त्याच झेरॉक्सच्या. तिन्हींवरची बारीक सही मला ओळखू आली, कारण ती माझी होती. म्हातारी रागावली नाही. ‘एवढ्या उन्हाचं तुमी आला, भाऊसाहेब, जेवून जा,’ म्हणाली. मी भाकरी खाल्ली. काय बोलावे ते सुचेना, म्हणून दुसरी मागितली.

या मॅडमच्या काळात त्रुटी इतक्या घटल्या की बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने आमदारांकडे तक्रार केली, अशी कचेरीत वदंता होती. खरे-खोटे मला माहीत नाही, झेरॉक्सवाला चिडका होता एवढे खरे.

कोणी म्हणेल, एकट्या माणसाच्या स्वभावावर काय चालते? त्यांनी नगरची गोष्ट ऐकावी. १९८० च्या दशकात अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी क्रांतीची भाषा केली नाही, कपाटे उघडली. जुन्या कागदांची वर्गवारी लावली, ठेवायचे ते सापडेल असे ठेवले, फेकायचे ते फेकले, टेबलांची मांडणी बदलली. त्याला पुढे लखिना पॅटर्न म्हणू लागले आणि तो राज्यभर गाजला. आम्ही नवीन लागलो तेव्हा अ, ब, क, ड ही वर्गवारी घोकून घेतली जाई: अ म्हणजे कायम जपायचे, ड म्हणजे वर्षाने नष्ट करायचे. कंटाळवाणे काम. त्याचा व्हिडिओ निघत नाही. पण जुना फेरफार मागायला आलेल्या माणसाला रेकॉर्ड रूममधून पाच मिनिटांत कागद मिळाला, तर त्याचा हात हातात घ्यायची गरज राहत नाही. त्याला हात हवा असतो तो कागद धरायला.

नेतृत्वाविषयी थोडक्यात, कारण त्यावर पुस्तके पुष्कळ आहेत. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर ‘अत्यंत तातडीचे’ असे लिहून माहिती मागवावी, म्हणजे हाताखालच्यांना ध्येयाची सवय लागते. एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा भार असतो, त्यालाच पंचनामा, त्यालाच निवडणुकीचे काम, त्यालाच ई-पीक पाहणी. तेव्हा तो ‘सापडत नाही’ असे सर्वांसमोर म्हणावे. तो कुठे सापडेल याचे वेळापत्रक मॅडमनी प्रत्येक चावडीवर लावले होते, वार आणि वेळेसकट, त्यांनीच त्याच्याशी बसून ठरवलेले. त्या वेळात त्याला मीटिंगला बोलवायचे नाही, हे त्यांनी वरच्या साहेबांनाही सांगितले. त्याबद्दल बोलणी खाल्ली. आम्ही दाराबाहेरून ऐकली.

बदली तीन वर्षांनी होते असे नियमात आहे. त्यांची चौदा महिन्यांत झाली. निरोप समारंभाला शाल, नारळ, ‘कडक पण मनमिळाऊ’ अशी तीन भाषणे. नवे साहेब आले, टॉवेल परत आला. त्रुटीचा फतवा कोणी रद्द केला नाही. तो नुसता पाळायचा राहिला. मी मात्र एक सवय लावून घेतली होती, निवृत्तीपर्यंत सुटली नाही: अर्ज हातात घेतला की आधी पत्ता वाचायचा आणि एसटी किती वाजता सुटते ते आठवायचे.

शेवटी सरावासाठी एक प्रश्न. कार्यालयाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा. पाच चाळीसला एक गृहस्थ वारसनोंदीच्या कामासाठी दारात उभे आहेत. वय साधारण सत्तर. मंडळ अधिकाऱ्याची सही राहिली आहे. मंडळ अधिकारी याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, आपल्याच व्हीसीत बसले आहेत. आपण आत्ताच चहा मागवला आहे. त्यांच्या गावची शेवटची गाडी सहा वाजून पाच मिनिटांनी सुटते, आणि स्टँड चालत दहा मिनिटांवर आहे.

गुण दहा. वेळ पंधरा मिनिटे.